भंडारा लागलेला मदरबोर्ड

६ ऑक्टोबर २००७, शनिवार

"कशाला पाहिजे तुला घरी कंपुटर?" आज चौथ्यांदा. सकाळी अव्वा, बसमध्ये शेजारची कावेरीची सासू, क्लासात सर, घरी आल्यावर परत अव्वा. गावात कोणी पोरानं मोटरसायकल आणली तर त्याला कोणी विचारत नाही कशाला. नारळ फोडतात.

मी शिकवते त्या हुमनाबादच्या कंप्युटर क्लासच्या सरांचं जुनं ग्राफिक्स कार्ड घेतलं. (यापुढे ग्रा.का. लिहीन.) रॅमच्या दोन पट्ट्याही घेतल्या, क्लासचे संगणक बदलले तेव्हा निघालेल्या. पगारातून कापून घेतील. कॅबिनेट, हार्ड डिस्क, मॉनिटर असं एकेक करत वर्षभरात जमवलंय. आता फक्त मदरबोर्ड आणि प्रोसेसर राहिला.

अप्पांना सांगितलंय की घरी बसून लोकांचे रेशन कार्डाचे, पेन्शनचे फॉर्म भरून देणार, दुबलगुंडीच्या म्हाताऱ्यांना हुमनाबादला हेलपाटे नकोत. अप्पांना पटलं. साफ खोटं आहे. मला मोटारींचा खेळ खेळायचा आहे, एवढंच. सरांच्या मशीनवर, याच ग्रा.का.वर, एकदा दहा मिनिटं खेळले होते. ओला रस्ता, त्यात दिवे चमकतायत, आणि गाडी अशी सुटते की वळणावर मीच खुर्चीत कलते. क्लासच्या साध्या मशीनवर तीच गाडी ढेकळातून चालल्यासारखी अडखळते. चोवीस वर्षांत सायकलीपलीकडे काही चालवलेलं नाही मी. पण "खेळायला पाहिजे" असं म्हणून बघा आमच्या घरात.

७ ऑक्टो., रवि.

अण्णा, माझा थोरला भाऊ, हैदराबादला स्लॅबच्या सेंट्रिंगच्या कामावर असतो, तो आला होता, अप्पांच्या मेंढरांच्या सौद्यासाठी, एका दिवसाचा. दसऱ्याला परत येईल तेव्हा हैदराबादहून बोर्ड घेऊन येतो म्हणाला. स्वतःहून म्हणाला, मी मागे लागले नव्हते.

यादी मी कालच क्लासात केली होती, अख्खी दुपार गेली होती. लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की मी सांगितलं नव्हतं. ग्रा.का. जुन्या जातीचं, एजीपी. त्याला बोर्डावर एजीपीचीच खाच लागते. हल्लीच्या बोर्डांवर पीसीआय एक्सप्रेस नावाची वेगळी खाच येते, तिच्यात हे कार्ड शिरतच नाही. रॅमचंही तेच. माझ्या पट्ट्या पहिल्या डीडीआरच्या, नवे बोर्ड डीडीआर टू मागतात. म्हणजे मला मुद्दाम जुन्या जातीचा बोर्ड पाहिजे. नवा दिला तर माझ्याकडचं सगळं वाया.

हे सगळं इंग्रजीत टाईप करून क्लासातून प्रिंट काढली होती. खाली मराठीत हातानं लिहिलं, "दुसरं काही दिलं तर घेऊ नको, क्लासात फोन कर." अण्णानं कागदाची चौघडी करून शर्टाच्या खिशात घातली.

"वाचून बघ की एकदा."
"बगतो की गाडीत. मी काय ल्हान हाय व्हय?"

१२ ऑक्टो., शुक्र.

सर म्हणाले, "रेणुका, तू घरी मशीन जोडून क्लास काढशील, आमच्या पोटावर पाय." हसत म्हणाले, पण हसू खोटं होतं. यांना असं कसं सुचत नाही की एखाद्या बाईला एखादी गोष्ट नुसतीच हवी असू शकते? फॉर्म भरायला नको, क्लास काढायला नको, कुणाचं भलं करायला नको.

चिटगुप्प्याच्या बाजारातून लहान पेचकस आणला. दुकानदारानं विचारलं, "शिलाई मशीनला का?" हो म्हणाले. कोण वाद घालणार.

१९ ऑक्टो., शुक्र.

इतका राग आलाय की पेनच्या टोकानं कागद दोनदा फाटला.

अण्णा दुपारी आला. खोका चकचकीत. उघडला. एजीपीची खाच नाही. पुन्हा पाहिलं, उलटा करून पाहिलं. नाही. रॅमची खाचही माझ्या पट्ट्यांची नाही. नवा कोरा, नव्या जातीचा बोर्ड. प्रोसेसर त्यावर बसवूनच दिलाय, तो तेवढा जुळतोय, म्हणजे चूक अगदी व्यवस्थित केलेली आहे.

"हे कामून आणलास?"
"का? नवंच हाय की. दुकानदार म्हनला एक नंबर माल."
"चिठ्ठी वाचलास का?"
"वाचलो."
"मग एजीपी कुठाय ह्यात?"
"आता ते मला काय ठाव? चिठ्ठीच दिलो त्याला हातात."
"मग खाली लिहिलं होतं की फोन कर म्हणून!"
त्यावर अण्णा उठला. हातपाय धुवायला गेला.

ओरडले मी. अव्वा म्हणाली, "माझं लेकरू दमून आलंय, पानी तरी दे." पाणी दिलं. भांडं जरा जोरात ठेवलं. बदलून घेता येईल, माल अजून नवा आहे. पण मला तो दुकानदारच डोळ्यांपुढे दिसतोय. गावाकडचा माणूस बघितला, न खपणारा माल गळ्यात मारला. समोर असता तर…

बोर्ड खोक्यात, खोका देवघराच्या फळीवर ठेवला. उंदरांपासून सुरक्षित म्हणून.

२० ऑक्टो., खंडेनवमी

मला वाटलं होतं काल जितका आला त्याहून जास्त राग येऊ शकत नाही.

सकाळी क्लासात पूजा, म्हणून लवकर गेले. परत आले तर देवासमोर हत्यारं मांडलेली. विळा, कुऱ्हाड, मेंढरं कातरायची कातर, अण्णाचा सेंट्रिंगचा हातोडा. आणि मध्ये परातीत माझा बोर्ड. खोक्यातून काढलेला, चंदेरी पिशवीतून काढलेला, उघडा. त्यावर मूठ-मूठ भंडारा. हळद खाचांत गेलेली, पंख्यात गेलेली, प्रोसेसरच्या कडेनं बसलेली. कुंकवाची पाच बोटं वर.

"अप्पा, पिशवीतून कामून काढलात?"
"कोयत्याला पोत्यात घालून पूजतेत व्हय?"
"अहो, हे बदलून आणायचं होतं!"
"आणा की. भंडारा लागलाय म्हून काय बिघडलं? मल्हारीचा भंडारा हाय, चांगलंच हुईल."

मी काय बोलले ते लिहिणार नाही. देवापुढे बोलायला नको होतं. अप्पा शांत होते, तेच जास्त झोंबलं. शेवटी म्हणाले, "गेल्या साली तूच सांगितलीस की, क्लासात समद्या कंपुटरला हळद-कुंकू लावले म्हून. कवतिकानं सांगत हुतीस. म्हून काढलो म्या."

लावलं होतं. मॉनिटरच्या डोक्यावर, बोटानं, एकेक टिकली. आजही लावून आले. तरी आणखी ओरडले.

अण्णा दारात उभा राहून बघत होता. त्यानं अडवलं का नाही? परातीत ठेवताना तो घरातच होता.

२१ ऑक्टो., दसरा

सोनं वाटलं. अण्णाला दिलं, तोंड न बघता. त्यानंही तसंच घेतलं.

दुपारभर जुन्या टूथब्रशनं बोर्ड झाडत बसले. वरचं निघालं. खाचांतलं निघत नाही, उलट आत जातं. फुंकर मारली तर डोळ्यांत. शेजारच्या पोरी बघायला आल्या आणि "रेणुअक्का देव धुवायली" म्हणून हसत गेल्या.

संध्याकाळी अण्णा म्हणाला, "बुधवारी ये हैद्राबादला. संगट जाऊ दुकानात. बदलून देतोय की न्हाई बगू." मी हो म्हटलं. मला त्या दुकानदाराला बघायचंच आहे.

२५ ऑक्टो., गुरु.

काल लिहिलं नाही. आजही लिहावंसं वाटत नाही, पण नाही लिहिलं तर मी ते मनातल्या मनात बदलून टाकीन.

सकाळच्या बसनं हैदराबाद. अण्णा स्टँडवर घ्यायला आलेला, इस्त्रीचा शर्ट घालून. कामावर खाडा केला होता. सिटी बसच्या पाट्या तो लांबूनच वाचत होता, ही नको, ती नको, ती तिसरी. मी मागे मागे. तो कन्नड शाळेत होता, चौथीपर्यंत. मग मेंढरांमागे, मग इकडं सेंट्रिंगला. कन्नड येतं म्हणून तेलुगू अक्षरंही त्याला जमतात, सारखीच असतात म्हणे. मी मराठी शाळेतली, मला त्यातलं एक अक्षर लागत नाही. बसमध्ये मला त्याचं कौतुकच वाटत होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते.

दुकान तळघरात. दुकानदार म्हातारा, चष्मा दोरीनं गळ्यात. मी वाटेत पाठ केलेलं सगळं एका दमात ऐकवलं. गावाकडच्या लोकांना फसवता, नको तो माल गळ्यात मारता, वगैरे. त्यानं ऐकून घेतलं. बोर्ड हातात घेतला, दिव्याखाली धरला. "इसमें हल्दी कायकू डाले अम्मा? ये अब कंपनी वापस नै लेती." मग मागच्या तारेला टोचलेल्या कागदांतून माझी चिठ्ठी काढली. एजीपीच्या ओळीसमोर त्यानं पेननं मोठं प्रश्नचिन्ह काढलेलं होतं.

"इनकू मैं पूछा था. इसमें एजीपी लिखा है, मेरे पास वो नै है, ये नया वाला है, चलता क्या? बहन कू फोन करके पूछ लेव बोला. ये देखे कागज, बोले हौ, यहीच लिखा है."

मी अण्णाकडे पाहिलं. तो चिठ्ठीकडे बघत होता. त्याच्या नजरेवरून कळलं. कागद तसा बघत होता जसं मी तेलुगू पाटी बघते.

इंग्रजी येत नाही. खालची मराठी ओळही नाही. चौथीपर्यंत कन्नड, कुठून येणार? त्याच घरात वाढले मी. मला हे माहीत नव्हतं? माहीत होतं. पाट्या वाचतो म्हणजे सगळं वाचतो, असं धरून चालले होते.

तिथं गप्प बसायला पाहिजे होतं. मी मोठ्यानं म्हणाले, "वाचता येत न्हाई तर तोंड उघडून सांगायचं! तू अडानी हायस त्याचं मी कामून भोगायचं?"

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. सगळी थांबली. म्हातारा चष्मा पुसायला लागला.

अण्णा दुकानदाराला म्हणाला, "वो डीडीआर टू वाला रॅम दे दो, इसकू लगनेवाला." नाव बरोबर घेतलं. आमचं भांडण ऐकता ऐकता पाठ केलं असणार. स्वतःच्या खिशातून पैसे दिले, पट्टी माझ्या हातात ठेवली. स्टँडवर आणून बसमध्ये बसवलं, खिडकीची जागा धरून दिली. बस सुटेपर्यंत खाली उभा होता.

हुमनाबादपर्यंत मी रागातच होते. कुणावर ते मला आत्ता लिहिता येतंय, स्वतःवर. तेव्हा नव्हतं येत.

२६ ऑक्टो., शुक्र.

अव्वा विचारते, काय झालं. बदलून दिला नाही म्हणून सांगितलं. "मग अन्ना काय म्हनला?" काही नाही म्हणाला. हे तरी खरं आहे.

मी त्याच्यावर चिडले होते कारण तो खोटं बोलला, "वाचलो" म्हणून. आणि मी रेशन कार्डाच्या फॉर्मांचं काय बोलले? आमच्या घरात सगळ्यांना खरं बोलायची लाज वाटते. त्याला येत नाही ह्याची, मला खेळायचं आहे ह्याची.

पण तरीही. एक फोन, अण्णा. म्हातारा स्वतः सांगत होता फोन कर. एवढी कसली अब्रू?

२८ ऑक्टो., रवि.

जोडलं. लोडशेडिंग सकाळी दहाला संपलं तेव्हा सुरुवात केली, दीडपर्यंत. कॅबिनेटचे पेच, बोर्ड, रॅम, वायरी. बटण दाबलं. पंख्यातून पिवळी धूळ उडाली भस्सकन, अप्पांच्या धोतरावर. एक बीप. चालू झालं.

ग्रा.का. बसतच नाही, ते ट्रंकेत. बोर्डात मुळातच असतं तेवढ्या ग्राफिक्सवर काम भागवायचं. खेळ टाकून बघितला. क्लासच्या मशीनपेक्षाही वाईट. गाडी वळणावर थांबते, विचार करते, मग वळते. वर्षभर जमवून हे.

अप्पा घोंगडीवर बसून बघत होते. म्हणाले, "फारम ह्यातच भरायचे व्हय?"

मला काय झालं कोण जाणे. म्हणाले, "फॉर्म-बिर्म काही नाही. मला हा खेळ खेळायचा होता. खोटं बोलले मी."

अप्पा म्हणाले, "म्हाईत हाय की."

"कसं?"

"अन्नानं सांगितलं. लई दिस झाले. तुला न्यायला क्लासात आला हुता एकदा, तू आत खेळायलीस. पाठ हुती तुझी दाराकडं. तुझा खेळ संपस्तोवर जिन्यात बसला म्हनं. मला म्हनला, अप्पा, ती फारमाचं सांगंल, तुमी व्हय म्हना. खेळू द्या तिला."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. अप्पा म्हणाले, "तू लाजशील म्हून."

मग ते मेंढरांकडे गेले. मी मशीन बंद केलं. खूप चिडले होते आणि रडतही होते. अव्वाला वाटलं, मशीन बिघडलं.

म्हणजे त्याला माहीत होतं की ही वस्तू कामाची नाही, नुसती माझ्या हौसेची आहे. तरी तो दिवसभर सेंट्रिंगच्या फळ्या उचलून त्या तळघरात गेला, न वाचता येणारा कागद खिशात घेऊन. आणि मी त्याला चार माणसांत अडाणी म्हटलं.

१ नोव्हें., गुरु.

कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी. कॉइन बॉक्सवरून अण्णाच्या मोबाईलवर फोन केला. पूर्ण वाजला. परत केला. परत पूर्ण वाजला. अरे, उचल की.

तिसऱ्यांदा केला तर बंद.

मला माफी वगैरे मागायची नव्हती, खरं सांगायचं तर. काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. पण उचलला असता तर काहीतरी निघालं असतं तोंडातून.

३ नोव्हें., शनि.

पुन्हा दोनदा. नाही.

त्याच्यावर राग यायला लागलाय परत, आणि बरं वाटतंय. माझं चुकलं, मान्य. पण त्याचंही असं काय की बहिणीचा फोन उचलायचा नाही? भावाबहिणीत शब्दाला शब्द लागतो. लहानपणी यानं मला विहिरीत ढकललं होतं, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी बोलले होते.

५ नोव्हें., सोम.

क्लासात वैनीचा फोन. कुणाच्या तरी मोबाईलवरून, घाईत.

"वन्सं, दिवाळीला येणं हुईना म्हनतेत हे. स्लॅबचं काम हाय."
"खोटं आहे ना?"
तिनं आवाज खाली केला. मग म्हणाली, "रोज कामावरून सुटलं की त्या बाजारात जायलेत. दुकानं हिंडायलेत. एजीपी, एजीपी म्हून ईचारत. एकाकडं हाय म्हनं जुना बोर्ड, वापरलेला. तुमाला चालंल का ईचार म्हनले."
"त्यालाच विचारायला सांगा की मला!"
"मी तेच म्हनले. तर जेवायचं सोडून उठले."
"वैनी, सांगा त्याला, बोर्ड घेऊ नको म्हणावं. मला नको बोर्ड."
"तुमीच सांगा, बाई. माझं काय ऐकायलेत?"

फोन कट. समोर बारा पोरं टायपिंग करत बसलेली, सगळी माझ्याकडे बघत होती. "काय बघायलाव? टाईप करा," म्हणून खेकसले.

६ नोव्हें., मंगळ.

सरांकडे रजा मागितली. "आत्ताच तर झाली." द्यायची तर द्या, नाहीतर पगार कापा, म्हटलं. दिली.

अव्वानं अण्णासाठी करंज्या बांधून दिल्या. तिला वाटतंय मी फराळ पोचवायला चालले आहे. अप्पांना काय वाटतंय ते त्यांनाच ठाऊक. एवढंच म्हणाले, "उद्या पैल्या गाडीनं जा. तो सातलाच घर सोडतोय, पन उद्या सुट्टी असंल तर दुपारीच घावंल, न्हाईतर रातच्याला."

माफी मागायला मला येत नाही. आमच्या घरात कुणालाच येत नाही, कुणी मागितलेली मी पाहिलेली नाही. म्हणून भांडायला चालले आहे. दारात उभी राहून सुरू करीन, फोन का उचलत नाहीस, बोर्ड घेऊ नको सांगितलं तर ऐकायला काय होतं, दिवाळी सोडून बाजार हिंडतोस, तुला शहाणा कोण म्हणेल. सगळं मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. मग तो चिडेल. चिडला की मला दोन शिव्या हासडेल, लहानपणी द्यायचा त्याच. तेवढ्या मिळाल्या की झालं.

नाही चिडला, नुसतं आत ये, बस, म्हणाला, तर काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.